‘रोजची भाकर’ यातलं ‘रोजची’ कुठून आलं?

“आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ वसईच्या चर्चमध्ये म्हटली जाते, नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत म्हटली जाते. ख्रिस्ती शाळेत शिकलेल्या कित्येक हिंदू-मुसलमान मुलांनाही ती पाठ असते. ओळ इतकी साधी आहे की तिच्यात समजावून सांगण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. भाकर म्हणजे भाकर, रोजची म्हणजे रोजची.

पण मराठीत ‘रोजची’ या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा नेमका अर्थ आजपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता आलेला नाही. जवळजवळ अठराशे वर्षं त्यावर विचार चालू आहे. विचार करणाऱ्यांत ग्रीक ज्यांची रोजच्या बोलण्याची भाषा होती अशी माणसंही आहेत, आणि तीही अडखळली आहेत.

तो शब्द आहे ‘एपिऊसिओस’. बायबलच्या नव्या करारात येशूचं चरित्र सांगणारी जी पुस्तकं आहेत त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायाच्या अकराव्या ओवीत, वाक्य असं येतं: ‘तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन’. ‘आर्तोन’ म्हणजे भाकर, ‘हेमोन’ म्हणजे आमची, ‘दोस’ म्हणजे दे, ‘हेमिन’ म्हणजे आम्हांला, ‘सेमेरोन’ म्हणजे आज. यातला एकही शब्द अवघड नाही, ग्रीक शिकायला लागलेल्या विद्यार्थ्यालाही हे सगळे येतात. फक्त मधला ‘एपिऊसिओन’ राहतो. हे ‘एपिऊसिओस’चंच वाक्यात चालवलेलं रूप.

एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ ठरवायचा तर तो आणखी कुठेकुठे वापरलाय हे पाहतात. दहा ठिकाणी आला असेल तर दहा संदर्भांवरून अर्थाचा अंदाज बांधता येतो. हा शब्द मात्र मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत एकेकदा येतो, आणि ‘दिदखे’ नावाच्या एका फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत येतो. तिथेही तो याच प्रार्थनेत आहे. म्हणजे ठिकाणं तीन असली तरी वाक्य एकच. होमरपासून पुढच्या कुठल्याही ग्रीक कवीने, इतिहासकाराने किंवा नाटककाराने तो वापरलेला नाही. जे नंतर वापरतात ते या प्रार्थनेबद्दलच बोलत असतात.

तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. तो मूळचा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, आणि ग्रीक त्याची स्वतःची भाषा. प्रार्थनेवर लिहिताना या शब्दापाशी आल्यावर तो थांबतो आणि सांगतो की हा शब्द ग्रीक पंडितांच्या लिखाणात सापडत नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. ही साक्ष मला सगळ्यात मोलाची वाटते. शुभवर्तमानं लिहून झाल्याला तेव्हा दीडशे वर्षांच्या आसपासच काळ लोटला होता, आणि ज्याच्या कानात दिवसभर ग्रीक पडत होतं असा माणूस सांगत होता की हा शब्द मी बाहेर कुठे ऐकलेला नाही.

असा शब्द समोर आला की उरतो एकच मार्ग, तो फोडून बघायचा. ‘एपि’ हा उपसर्ग आहे याबद्दल वाद नाही. त्याचे अर्थ ‘वर’, ‘कडे’, ‘साठी’ असे प्रसंगानुसार बदलतात. वाद पुढच्या तुकड्याचा आहे.

पहिली फोड अशी: ‘एपि’ अधिक ‘ऊसिया’. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व, एखादी वस्तू मुळात जी असते ते. यातून दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक, अस्तित्वासाठी लागणारी, म्हणजे जगण्यापुरती, गरजेपुरती भाकर. दुसरा, सत्त्वाच्याही वरची, म्हणजे या जगातल्या अन्नापलीकडची भाकर. उपसर्ग तोच, नाम तेच, पण एका अर्थाने आपण पोटाला अन्न मागतो आणि दुसऱ्या अर्थाने आत्म्याला.

दुसरी फोड ‘असणे’ या क्रियापदावरून करतात: जो दिवस चालू ‘आहे’ त्याची, म्हणजे आजची भाकर.

तिसरी फोड ‘एपिएनाइ’ या क्रियापदावरून. त्याचा अर्थ येऊन ठेपणे, पुढे येणे. ग्रीकमध्ये ‘हे एपिऊसा’ म्हटलं की ‘येणारा दिवस’ असा अर्थ सहज व्हायचा, ‘दिवस’ हा शब्द वेगळा म्हणावाही लागत नसे. नव्या करारातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात प्रेषित पौलाच्या समुद्रप्रवासाचं वर्णन आहे. त्रोवसहून जहाज सरळ समथ्राकेला गेलं आणि ‘ते एपिऊसे’, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नियापुलीला पोचलं. हा प्रयोग त्या पुस्तकात बऱ्याचदा येतो, आणि ते पुस्तक परंपरेने लूकचंच मानलं जातं, म्हणजे प्रार्थना देणाऱ्या दोघांपैकी एकाचं. या वाटेने गेलं तर प्रार्थना होते: ‘आमची येणाऱ्या दिवसाची भाकर आज आम्हांला दे.’

यातली कोणती फोड बरोबर हे ठरवायला व्याकरणाचा थोडा उपयोग होतो. आपल्याकडे ‘अति’ आणि ‘अंत’ जवळ आले की ‘अत्यंत’ होतं, मधला ‘इ’ तसाच राहत नाही. ग्रीकमध्येही ‘एपि’पुढे स्वर आला की त्यातला शेवटचा ‘इ’ साधारणपणे गळतो. त्या हिशेबाने ‘एपि’ आणि ‘ऊसिया’ मिळून ‘एपूसिओस’ व्हायला हवं होतं. आपल्या शब्दात ‘इ’ शाबूत आहे. ‘एपिएनाइ’च्या रूपांत तो शाबूत राहतोच, ‘एपिऊसा’ हे रूपच त्याचा पुरावा आहे. म्हणून पुष्कळ भाषाभ्यासकांचा कल ‘येणारा दिवस’ या फोडीकडे आहे. नियमाला अपवाद सापडतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही, पण पारडं थोडं झुकतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिहिणाऱ्याला नुसतं ‘रोजची’ म्हणायचं असतं तर शब्दांची टंचाई मुळीच नव्हती. प्रेषितांची कृत्ये पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोज होणाऱ्या अन्नवाटपाचा प्रसंग आहे. तिथे ‘रोजच्या’साठी ‘काथेमेरिनोस’ हा सरळ, सर्वांना कळणारा शब्द वापरलाय. याकोबाच्या पत्रात ज्या भावाबहिणीला रोजचं अन्न मिळत नाही त्यांच्याबद्दल लिहिताना ‘एफेमेरोस’ हा शब्द आहे, आणि लगेच पुढच्याच ओवीत शरीराच्या गरजेच्या वस्तूंसाठी आणखी तिसराच शब्द आहे. ‘उद्या’साठी ‘आउरिओन’ तर मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात, ‘उद्याची चिंता करू नका’ या वाक्यात येतो. हे सगळे शब्द हाताशी असताना कोणीतरी एक नवाच शब्द घडवला. ज्याने घडवला त्याला या तयार शब्दांपैकी एकही पुरेसा वाटला नसावा, असंच मला वाटतं.

येशू ग्रीकमध्ये शिकवत नव्हता. गालीलातल्या लोकांशी तो अरामी भाषेत बोलायचा. म्हणजे ‘एपिऊसिओस’ हाच मुळात एक अनुवाद आहे, आणि त्याच्यामागचा अरामी शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्याची एक पुसटशी खूण तेवढी आहे, आणि ती जेरोमने जपून ठेवली.

जेरोम चौथ्या शतकातला. ३८२ च्या सुमारास पोप दमासस यांनी त्याला शुभवर्तमानांचं लॅटिन भाषांतर तपासून नीट करण्याचं काम दिलं. जुन्या लॅटिन प्रतींत या शब्दासाठी दोन्हीकडे ‘कोतिदिआनुस’ होता, म्हणजे रोजचा. जेरोमने लूकमध्ये तो तसाच ठेवला. मत्तयात मात्र त्याने ग्रीक शब्दाचे दोन्ही तुकडे लॅटिनमध्ये जसेच्या तसे बसवले आणि ‘सुपरसबस्टान्शिआलिस’ असा लांबलचक शब्द केला: सत्त्वाच्या वरची. एकच माणूस, एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, आणि दोन ठिकाणी दोन भाषांतरं. ज्या शतकात हे घडलं त्याची हवा लक्षात घेतली तर यात थोडं कमी नवल वाटतं. ३२५ मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत पुत्र म्हणजे येशू आणि पिता म्हणजे देव एकाच ‘ऊसिया’चे आहेत की नाहीत यावर रण माजलं होतं, आणि पुढची कित्येक दशकं तो वाद शमला नव्हता. त्या काळच्या विद्वानाला ‘एपिऊसिओस’मध्ये ‘ऊसिया’ ऐकू येणं अगदी साहजिक होतं.

याच जेरोमने मत्तयावरच्या आपल्या टीकेत नोंद करून ठेवली आहे की ‘इब्र्यांचं शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकात या जागी ‘महर’ असा शब्द त्याला आढळला, आणि त्याचा अर्थ ‘उद्याची’. ते पुस्तक आज उपलब्ध नाही, इकडेतिकडे उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरलेत. ‘महर’ हा येशूच्या तोंडचा मूळ शब्द असेल, किंवा कोणीतरी ग्रीकवरून उलट अरामीत आणला असेल. तरीही अरामी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत निदान एका गटाला इथे ‘उद्या’ ऐकू येत होता, एवढं त्यावरून कळतं.

बाकीच्यांना काय ऐकू येत होतं? सिरियाक ही अरामीचीच एक शाखा. तिच्यातल्या सर्वात जुन्या भाषांतरात ‘नित्याची, कायमची’ भाकर आहे, तर पुढे रूढ झालेल्या पेशित्ता भाषांतरात ‘आमच्या गरजेची’. इजिप्तच्या कॉप्टिक भाषेतल्या एका बोलीत ‘येणारी’ आणि दुसरीत ‘उद्याची’. स्लाव्ह लोकांच्या धर्मभाषेत ‘ना’ अधिक ‘सुश्च’ अशी थेट जोडणी करून ‘नासुश्नी’ शब्द घडवला गेला. तो तिथून रशियनमध्ये आला आणि रुळला. आज रशियन माणूस तातडीच्या, जिव्हाळ्याच्या प्रश्नांनाही हेच विशेषण लावतो, प्रार्थनेशी काही संबंध नसताना. भाषांतरासाठी घडवलेला शब्द चारचौघांच्या बोलण्यात येऊन बसला, हे सुख फार थोड्या अनुवादकांच्या वाट्याला आलं असेल.

‘सत्त्वाच्या वरची’ हा अर्थ चर्चमध्ये इतका का रुजला, याचं कारण उपासनेतच आहे. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ही प्रार्थना ख्रिस्तशरीराची भाकर घेण्याच्या अगदी आधी म्हटली जाते. समोर वेदीवर भाकर आहे, आणि तोंडात ‘आमची भाकर आज दे’ हे शब्द आहेत. मिलानचा बिशप अँब्रोज नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना हाच अर्थ समजावून सांगत होता. पूर्वेकडच्या योहान ख्रिसोस्तोमने मात्र प्रवचनात साधा अर्थ लावला: एका दिवसापुरती भाकर, साठवणुकीची नव्हे. पुढे १५८२ मध्ये रीम्स इथे कॅथलिकांनी छापलेल्या इंग्रजी नव्या करारात मत्तयाच्या ओवीत जेरोमचाच लांब शब्द आला. पण लोक प्रार्थना म्हणताना ‘रोजची’च म्हणत राहिले. खुद्द लॅटिन मिस्सातही जेरोमचा नवा शब्द कधी शिरला नाही, तिथे जुना ‘कोतिदिआनुस’च टिकला. मुखी बसलेली प्रार्थना बदलणं कोणाच्याच हातात नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाटलं की हा तिढा आता सुटतोय. इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदांचे, ढीगच्या ढीग निघू लागले होते. त्यांत पत्रं, करारनामे, पावत्या, घरखर्चाच्या याद्या होत्या. नव्या करारातले जे शब्द आजवर ‘पवित्र भाषेतले’ म्हणून वेगळे काढले होते, तेच शब्द बाजारहाट करणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांत दिसायला लागले. अशात फायूम भागातल्या हवारा इथे फ्लिंडर्स पेट्री यांनी केलेल्या उत्खननात खर्चाच्या हिशेबाचा एक पपायरस सापडला. आर्चिबाल्ड सेस या अभ्यासकाने तो वाचून १८८९ मध्ये छापला. त्यातल्या एका ओळीत ‘एपिऊसि’ एवढी अक्षरं होती, पुढचा भाग तुटलेला. १९१५ मध्ये फ्रीडरिश प्रायझिग्के यांच्या संग्रहात ते वाचन पुन्हा छापलं गेलं आणि अभ्यासकांच्या नजरेत भरलं. हिशेबाच्या यादीत शब्द आहे म्हणजे त्याचा अर्थ ‘रोजचा शिधा’ असणार, असं अनुमान निघालं. अनेक कोशांनी आणि टीकाग्रंथांनी ते उचललं.

खातरजमा करायला मात्र तो मूळ पपायरस कोणाला सापडेना. कित्येक दशकं सगळे सेस यांच्या वाचनावरच विसंबून होते. १९९८ मध्ये तो अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात असल्याचं लक्षात आलं. नायमन आणि वॉर्प या दोन अभ्यासकांनी तो पुन्हा बारकाईने वाचला. अक्षरं ‘एपिऊसि’ नव्हतीच. तिथे ‘एलाइऊ’ होतं, म्हणजे तेल. यादीत तेलाचा खर्च मांडलेला होता. बाहेरचा म्हणून मिळालेला तो एकमेव आधार असा गेला, आणि ओरिजेनचं म्हणणं पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं.

आता माझं मत. मला ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ सगळ्यात पटतो. व्याकरण त्याच्या बाजूचं आहे, लूकच्या लिखाणातली सवय त्याच्या बाजूची आहे आणि जेरोमचा ‘महर’ही.

यावर पहिली हरकत सगळेच घेतात: त्याच अध्यायात पुढे येशू म्हणतो की उद्याची चिंता करू नका, मग उद्याची भाकर मागायला तो कसा शिकवेल? याचं उत्तर जोसेफ लाइटफूट या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्ये फार नेमकं दिलंय. ‘एपिऊसा’ म्हणजे घड्याळाच्या हिशेबातला उद्या नव्हे, पुढ्यात येणारा दिवस. सकाळी म्हटलं तर तो आत्ता उजाडणारा आजचाच दिवस, रात्री म्हटलं तर उद्याचा. दिदखेत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, तेव्हा दोन्ही वेळा आल्याच. आणि जे मागून घेतलं त्याची चिंता करायची नाही, यात विरोध कुठे आहे?

ही प्रार्थना पहिल्यांदा ज्यांनी ऐकली त्यांचं जगणं डोळ्यांसमोर आणलं की मला हा अर्थ आणखी जवळचा वाटतो. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आहे. धनी पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो, रोज एक दिनार कबूल करतो आणि संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो की सगळ्यांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. मोशेच्या नियमशास्त्रातही हीच आज्ञा आहे: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच दिवशी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशांतून रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी कामावर न्यायची भाकर व्हायची. आज पैसे मिळाले नाहीत तर उद्या चूल पेटायची नाही. आपण ज्यांना हातावर पोट असलेली माणसं म्हणतो, तीच ही माणसं. ‘येणाऱ्या दिवसाची भाकर आज दे’ हे त्यांच्या तोंडी साठेबाजांचं मागणं होत नाही. आज रात्री पोरांना धीराने निजवता यावं, एवढंच ते मागणं आहे.

यामागे बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या मान्न्याची, म्हणजे देवाने रानात पाठवलेल्या अन्नाची, आठवणही आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतंच अन्न गोळा करायचं होतं. ज्यांनी दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवलं त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं, कारण दुसरा दिवस शब्बाथाचा. म्हणजे ‘उद्याची आज’ मिळण्याचा एक दिवस तिथेही होता, आणि तो विसाव्याच्या दिवसाच्या आदला. विसाव्या शतकातले जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास याच्याही पुढे गेले. त्यांच्या मते हा ‘उद्या’ म्हणजे देवाच्या राज्याचा उद्या, आणि त्या मेजवानीची भाकर आजच्या दिवसात मागायची आहे. ‘तुझे राज्य येवो’ ही विनंती प्रार्थनेत जरा आधीच आलेली असल्याने हे म्हणणं अगदीच दूरचं नाही. तरी माझं मन मजुराच्या भाकरीपाशीच थांबतं.

मत्तय आणि लूक यांच्यात आणखी एक फरक आहे. मत्तयात ‘दोस… सेमेरोन’ आहे: आज दे, एकदाच दे. लूकमध्ये क्रियापदाचं रूप बदलून ‘दिदू’ होतं, म्हणजे देत राहा, आणि ‘आज’च्या जागी ‘दिवसेंदिवस’ असा प्रयोग येतो. लूकची ओळ मराठीत सरळ उतरवायची तर ‘रोजची भाकर रोज देत राहा’ अशी होते, आणि एकाच वाक्यात दोनदा आलेला ‘रोज’ कानाला खटकतो. ही अडचण सांगते की ‘एपिऊसिओस’चा अर्थ नुसता ‘रोजचा’ असेल तर लूकच्या वाक्यात तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ‘येणाऱ्या दिवसाची भाकर रोज देत राहा’ म्हटलं की वाक्य सरळ चालायला लागतं.

मग मराठी भाषांतर चुकलं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे. मराठीत ‘रोज’ म्हणजे दररोज, आणि ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. ‘रोज किती पडतो?’, ‘रोजावर जातो’, ‘रोजंदारी’ हे शब्द शेतावर आणि बांधकामावर आजही दिवसभर कानावर येतात. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला दिनार हा त्या मजुराचा रोजच होता. ‘रोजची भाकर’ हे शब्द रोजावर जाणाऱ्या बाईच्या तोंडी येतात, तेव्हा त्यांत आपसूक ‘रोजातून आलेली भाकर’ हाही अर्थ मिसळतो. अनुवादकांच्या मनात तो होता की नव्हता, याला फार महत्त्व नाही. ग्रीक शब्दात तो आहे असा दावा करता येणार नाही, पण ज्या माणसांसाठी ग्रीक शब्द घडवला गेला त्यांच्यापर्यंत तो बरोबर पोचतो. ‘भाकर’ या शब्दाचंही तसंच आहे. तिथे ‘पाव’ किंवा ‘अन्न’ घालता आलं असतं. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत तर ‘गिरास’ आहे, म्हणजे घास. पण गालीलातल्या गरिबाची जवाची भाकर महाराष्ट्रातल्या गरिबाच्या ताटात आणायची तर ज्वारी-बाजरीच्या भाकरीइतकं जवळचं दुसरं काय आहे?

म्हणून ओळीत बदल करू नये. हवी आहे ती पानाखाली एक छोटी टीप, आणि तीही सगळ्या आवृत्त्यांत. ‘रोजची’ या शब्दावर खूण करून खाली लिहावं: मूळ ग्रीक शब्द अन्यत्र आढळत नाही, ‘येणाऱ्या दिवसाची’ किंवा ‘गरजेपुरती’ असाही अर्थ होतो. एवढ्या दोन ओळी असल्या तर वाचणाऱ्याला कळेल की इथे एक दार आहे, आणि ज्याला आत जायचंय त्याला ते उघडता येईल.